बोट कुठंय?

मगदूम बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि पहिलीतल्या एका मुलाच्या तोंडात डोकावत होत्या. मुलगा आ वासून उभा. बाई म्हणत होत्या, "जीभ कुठं लागली बघ. दातांना लागली का नाही? आता सोड की!" मला वाटलं, आरोग्य खात्याचं पथक दात तपासायला आलंय आणि माझ्या नोकरीचा पहिला दिवस पालकांच्या सह्या गोळा करण्यात जाणार. मी अदबीनं विचारलं, "डॉक्टर कधी येणारेत?"

बाईंनी वरही बघितलं नाही. "कुणाला बरं नाही?" म्हणाल्या.

अशी आमची ओळख झाली. त्या माझ्या आधी आठवडाभर तिथं रुजू झाल्या होत्या. गाव कोरेगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला फोन करतात आणि त्यांना राग लवकर येतो. शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक कडुनिंब. मी मलकापूरचा, डी.एड. होऊन वाट बघून बघून कंटाळल्यावर नोकरीला लागलेला. बाई पन्नाशीच्या, मूळच्या मिरजेकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. नवऱ्याचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं दुकान. घर सांगलीत आणि नोकरी सातारा जिल्ह्यात, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा संसार. कोरेगावात एक खोली घेऊन राहायच्या, शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टेशनवर जाऊन सांगलीची गाडी धरायच्या. त्यांच्या पिशवीला, छत्रीला, आम्हाला आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवालासुद्धा हळदीचा वास यायचा.

वर्गांची वाटणी त्यांनी उभ्या उभ्या केली. "पहिली, दुसरी, तिसरी मला द्या. चौथी तुम्हाला. आणि ते मोबाईलवर माहिती भरायचं, फोटो पाठवायचं असतं ना, ते सगळं तुम्हाला." मी मनातल्या मनात खूश झालो. तीन वर्ग त्यांच्या गळ्यात आणि एकच माझ्याकडे! पंधरवड्यातच माझे डोळे उघडले. माहिती भरणं हे काम नव्हतंच, तो एक आजार होता, आणि बाईंनी तो मला हसत हसत देऊन टाकला होता.

बाईंना काय काय येत नव्हतं हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यांची आरती करायला लागाल. त्यांना गाता येत नव्हतं. कविता म्हणायला लागल्या की कडुनिंबावरचे कावळे उडायचे. अक्षर इतकं वाईट की फळ्यावर त्या मुलांकडून लिहून घ्यायच्या. कुत्र्यांना घाबरायच्या, शेरडांनासुद्धा थोडंसं. मोठ्या माणसांशी बोलताना त्यांचा तोल पटकन जायचा. मुलांशी बोलताना मात्र कधीच गेला नाही, आणि याचं मला अजून आश्चर्य वाटतं, कारण ती मुलं माझा तोल रोज घालवायची.

शिकवताना बाईंच्या तोंडी सतत एक प्रश्न असायचा. "बोट कुठंय?" मूल वाचायला लागलं की पहिला हाच. बोट अक्षराखाली, डोळा बोटावर आणि तोंड सगळ्यात शेवटी, असा त्यांचा क्रम होता. मुलानं वर बघून, छताकडे बघून, शेजारच्याकडे बघून काही म्हटलं की, "बोट कुठंय बाळा?" मी चौथीच्या खोलीत भागाकार शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडून दिवसभर हा बोटाचा शोध चालू असायचा.

दुसरं म्हणजे त्यांनी कमळाला सुट्टी दिली होती. आपण सगळे 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' असं म्हणत मोठे झालो. बाईंना त्याचा राग होता. "पोराला मका वाचायला सांगितलं की म मगरीचा, क कमळाचा म्हणतंय. एवढ्या मोठ्या मगरीतनं आणि तळ्यातनं मका कधी निघायचा हो?" त्या फक्त आवाज काढून घ्यायच्या. ओठ मिटून नाकातून घुमतो तो म. गळ्यावर हात ठेवला की हाताला कळतो तो. कडुनिंबाचं पान देठाशी धरून ओठांसमोर आणायचं, प म्हटलं की पान जरासं हलणार, फ म्हटलं की चांगलंच उडणार. मुलांना हा खेळ इतका आवडायचा की मधल्या सुट्टीत झाडाखाली दहा-बारा जण पानांवर फूफू करत असायचे. येणारे-जाणारे गावकरी थांबून बघायचे. "कसला मंतर चाललाय?" म्हणून विचारायचे.

अक्षरंही त्या ओळीनं शिकवायच्या नाहीत. आधी म, क, ब, र, ल आणि काना. एवढ्यावर मामा होतो, काका होतो, बाक होतो, मका होतो. "सगळी अक्षरं शिकून मग वाचायचं म्हटलं तर पोराचं लग्न होईल," म्हणायच्या. लिहायचं मात्र पाण्यानं. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर बोट पाण्यात बुडवून. चुकलं तर चुकलं, ऊन आलं की वाळून जाणार. कुणाच्या चुकीची खूण दुसऱ्या दिवशी उरायची नाही. मला हे फार आवडलं होतं, पण त्यांना तसं कधी बोललो नाही. कौतुक केलं की त्या "हं, पुढं" म्हणायच्या. मुलांनाही शाब्बास नाही, माझी तर बातच सोडा.

एकदा मुलाला काय खाल्लंस विचारून त्याच्याच तोंडचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं होतं, 'म्या भाकर खाल्ली'. मी म्हटलं, "बाई, कुणी साहेब आले तर?" त्या म्हणाल्या, "आले तर त्यांनाही विचारू काय खाल्लं ते. आधी पोराला कळू दे, की आपण बोलतो तेच फळ्यावर दिसतंय. पुस्तकातलं 'मी' दिवाळीनंतर आणू. ते कुठं पळून चाललंय?"

आता खरी गोष्ट सांगतो.

तिसरीत सानिका नावाची मुलगी होती. सुभेदार आबांची नात. आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गावात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मुलगाही सैन्यात, लांब सरहद्दीवर. सानिका गावाचं भूषण होती, कारण ती घडाघडा वाचायची. पुस्तक हातात घेऊन एका सुरात, न अडखळता, धड्यामागून धडा. पाहुणे आले की आबा तिला पुस्तक द्यायचे. तिचे व्हिडिओ काढून मुलाला पाठवायचे. तो तिकडे बराकीत मित्रांना ऐकवायचा म्हणे.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. आबा टोपी आणि पदकं लावून पहिल्या रांगेत. मुलांचे कार्यक्रम संपले, गोळ्या वाटायची वेळ आली, तेवढ्यात आबा उठले. "सानिकाचं वाचन ठिवलं न्हाई व्हय?" म्हणाले आणि कुणाची वाट न बघता त्यांनी नातीला पुढं बोलावून पुस्तक दिलं. सानिकानं सुरुवात केली. आवाज गोड आणि खणखणीत. मधेच वाऱ्यानं पुस्तकाची पानं फडफडून उलटली. सानिका तशीच पुढं वाचत राहिली. तिची नजर आजोबांच्या मोबाईलवर होती. धडा संपला, टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पान उलटलं तेव्हा पोरगी थांबली का?"

त्या दिवशी दुपारी त्या आबांच्या घरी निघाल्या. मलाही बरोबर घेतलं. मला वाटलं, धीर म्हणून. तर वाटेत कळलं, कुत्र्यांसाठी.

आबांनी पडवीत खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. बाईंना गोड बोलून मुद्द्यावर यायची सवय नव्हती. बशीत चहा ओतता ओतताच म्हणाल्या, "आबा, सानिकाला वाचता येत नाही."

मी कपात तोंड घातलं.

"आवं बाई," आबा म्हणाले, "सकाळी आख्ख्या गावानं आयकलंय."

"मीपण ऐकलं की. पाठांतर फार सुंदर आहे तिचं. एकाच खोलीत बसून वरच्या वर्गाचं ऐकून ऐकून पाठ झालंय. पण पुस्तक उघडं असलं काय नि मिटलेलं काय, तिला सारखंच. नवीन पान दिलं तर एक शब्द यायचा नाही."

"तुमाला हितं येऊन दोन म्हैनं झालं न्हाईत." आबांचा आवाज चढला. "पलटणीत रिपोर्ट द्यायच्या आदी खात्री करून घेत्यात. पोरीला बोलिवतो. द्या नवीन पान. हून जाऊ दे समोरासमोर."

दाराच्या आड सानिका उभी होती. मला तिचा एक पाय दिसत होता. बाईंनाही दिसला असणार.

"नाही," बाई म्हणाल्या. "चार माणसांत मी तिची परीक्षा घेणार नाही. तुम्ही मला खोटी म्हणा, चालेल."

आबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आयका तर. जूनपातूर तुमच्या ताब्यात देतो. जूनला कंचंबी पुस्तक समूर ठिवल्यावर पोरगी वाचली, तर तुमी म्हनाल ती पूर्वदिशा. न्हाई वाचली, तर तिला कोरेगावच्या विंग्रजी शाळंच्या व्हॅनमदी बसवनार. आन ती गेली का बाकीची बी जानार, ह्ये तुमाला म्हाईत हाय."

मला ते चांगलंच माहीत होतं. सानिका गेली की तिच्या गल्लीतली सहा-सात मुलं जाणार, मग पट इतका खाली येणार की शाळेला कुलूप लागायला वेळ लागणार नाही. माझी नोकरी तर अजून नवी कोरी होती. बाई उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चहा फार छान झाला होता."

परत येताना मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की! भरपूर आला. पण नातीच्या वाचण्यापायी माणूस शाळेशी भांडतोय हो. किती घरांत असं कुणी भांडतं?" आणि मग लगेच, "ते काळं कुत्रं गेलं का बघा आधी."

पुढचे महिने वाईट होते. बाईंनी तिसरीची पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली, कारण ती पुस्तकं मुलांना पाठ होती. पाठ असलेल्या पानावर वाचायला शिकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसरीची मुलं पहिलीबरोबर फरशीवर बसून पाण्यानं मका आणि बाक लिहायला लागली. घरी गेल्यावर 'वाच' म्हटलं की ती आता एकेका अक्षरावर बोट ठेवून अडखळायची. गावात बोंब झाली. पारावर मला एकानं धरलं, "सर, आमची पोरं घडाघडा वाचत हुती. ह्या बाईनं त्यास्नी अडखळाया शिकवलं!" ते वरवर बघता खरंच होतं.

सानिकाचे हाल सगळ्यात जास्त. कालपर्यंत ती गावाची वाचणारी मुलगी होती आणि आज पहिलीतल्या पोरांच्या रांगेत. चार दिवस ती आलीच नाही. मग आली ती तोंड फुगवून. फरशीला बोट लावायला तयार नाही. "मला येतंय समदं," म्हणायची आणि डोळे भरून यायचे. बाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. पहिलीची चिल्लीपिल्ली तिच्या हवाली केली. "मला एकटीला जमत नाही बाळा. तू यांच्याकडनं आवाज काढून घे. कुणाचा चुकला ते मला सांग." सानिकाला हुकूम करायला आवडायचं, आजोबांची नात होती ती. कमरेवर हात ठेवून ती पोरांना दरडावायची, "म म्हन! नाकातनं आला न्हाई तुजा! पुन्यांदा!" दुसऱ्याचं चुकलेलं पकडायचं तर स्वतःला बरोबर यावं लागतं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बाईंच्या कानाशी लागून उद्याची अक्षरं विचारून घ्यायची, हे मी खिडकीतून बघायचो.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची गोष्ट. बाईंनी नवीनच टूम काढली होती. वर्गात बोलायचंच नाही. फरशीवर पाण्यानं काहीतरी लिहायचं आणि गप्प बसायचं. 'दार लाव' लिहिलं की ज्याला वाचता आलं तो उठून दार लावणार. 'पाणी आण' लिहिलं की दोघं-तिघं माठाकडे पळणार. एकदा एक पोरगं माझ्या वर्गात येऊन माझी टोपी घेऊन गेलं, तेव्हा कळलं की तिकडे काय लिहिलंय.

त्या दिवशी बाईंनी सानिकाला समोर बसवलं आणि दोनच अक्षरं काढली. सानिकानं बोट ठेवलं. ओठ हलले. न. मग काना. मग च. मी दारात उभा होतो, मला तिचा चेहरा समोरून दिसत होता. ती पुन्हा पहिल्या अक्षरावर गेली, पुन्हा शेवटाला आली. मग तिचे कान लाल झाले आणि ती ओरडली, "मी न्हाई नाचनार!"

मग त्या पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, सांगलीच्या मगदूम बाई पदर खोचून उठल्या आणि व्हरांड्यात स्वतःच नाचल्या. नाचही गाण्यासारखाच, कशाला कशाचा मेळ नाही. पोरं खिदळत होती. सानिका तोंडावर हात ठेवून हसत होती. मला रडू आलं, आणि ते मी इथं स्पष्टच लिहून टाकतो.

पण एक शब्द वाचणं वेगळं आणि जूनला आबांसमोर कुठलंही पुस्तक वाचणं वेगळं. सानिका वाचायला लागली, पण सावकाश, फारच सावकाश. एका ओळीला इतका वेळ लावायची की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. घरी तर तिनं वाचणं पूर्ण बंद केलं. आबांना वाटायचं, पोरीचं होतं तेही गेलं. फाल्गुनात व्हॅनवाला त्यांच्या घरी येऊन गेल्याचं मला कळलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आता आपण घाई केली तर पोरगी परत अंदाजानं म्हणायला लागेल. जाऊ दे व्हॅनमधे गेली तर. पण वाचता येऊन जाऊ दे." हे बोलताना त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

चैत्रात गावची जत्रा. जत्रेआधी देवळात आठवडाभर गावदेवाची पोथी वाचतात. वाचायचा मान आबांचा, त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचा. शेजारी शंकर नाना टाळ घेऊन बसायचे आणि ओव्यांचा अर्थ सांगायचे. त्या वर्षी आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्यात नुकतंच झालं होतं. काळा चष्मा, वाचायला बंदी. पण मान सोडायचा नव्हता. "पोथी मला तोंडपाठ हाय, डोळ्याचं काय काम?" म्हणाले. पोथी मात्र समोर उघडी पाहिजे आणि पानं उलटली पाहिजेत, हा रिवाज. म्हणून सानिका शेजारी. तिचं काम पानं उलटण्याचं.

शिक्षकांना हजेरी लावावी लागते, म्हणून आम्ही दोघंही शाळा सुटल्यावर गेलो होतो. बाई बायकांच्या बाजूला, मी पुरुषांच्या. आबा म्हणत होते, भरदार आवाजात, झोकात. लोक डोलत होते. आणि एका ठिकाणी आबा थांबले. एक ओवी झाली आणि पुढची येईना. त्यांनी घसा साफ केला, मागची ओवी पुन्हा म्हटली, पुन्हा तिथंच येऊन अडकले. देवळात चुळबुळ सुरू झाली. आबांचा हात पोथीवर फिरत होता, चष्म्याआडून काहीच दिसत नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या माणसाची मान खाली गेली.

सानिकानं पोथीवर बोट ठेवलं.

ती वाचायला लागली. सूर नाही, ठेका नाही. एकेक अक्षर, मग शब्द, मग पुढचा शब्द. एक ओवी झाली. नानांनी सवयीनं टाळ वाजवला. तिनं दुसरी सुरू केली आणि नाना टाळ वाजवता वाजवता थांबले. "ह्ये न्हाई पोथीत," ते म्हणाले. "ही ववी न्हाईच! पोरीनं मनचंच घातलं कायतरी." मागून दोघं-चौघं म्हणाले, "व्हय, व्हय, ह्ये आमी कवाच आयकलं न्हाई." पोथी सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ होती आणि या ओव्या कुणाच्याच कानावर कधी आल्या नव्हत्या.

मी उठायला लागलो. मी तिथं जाऊन बघून सांगू शकलो असतो, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात बायकांमधून बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. मी बसलो.

सानिका रडवेली झाली होती. पण बोट तिनं उचललं नाही. "हितंच हाय," ती म्हणाली. "बगा की कुनीबी. हितं हाय, म्या वाचतीया."

आबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. चाचपत चाचपत तिच्या बोटाच्या टोकापर्यंत गेले.

"नाना," ते म्हणाले, "पोरीच्या बोटाखाली अक्षर हाय. माझ्या बोटाखाली लय वर्सं काय न्हवतं. म्या आन माझ्या बापानं ध्यानातनं म्हनत म्हनत ह्या वव्या कवा गाळल्या, आमाला बी कळलं न्हाई. वाच बाळा. सावकास वाच. कुनाला घाई आसंल त्यानं घरला जावं."

कुणी गेलं नाही. एरवी तासाभरात संपणारा अध्याय त्या दिवशी दिवेलागणीच्याही पुढं गेला. प्रसादाचा शिरा गार झाला, चुलीवर भात टाकून आलेल्या बायका एकमेकींच्या कानात कुजबुजत राहिल्या, दोन म्हातारे भिंतीला टेकून झोपले. सानिका वाचत होती. मी इतका कंटाळवाणा अध्याय आयुष्यात ऐकला नाही आणि इतका सुंदरही नाही. त्या दिवशी कुणी व्हिडिओ काढला नाही.

सूर्य मावळल्यावर बाई काही खात नसत, त्यामुळे प्रसादाचा द्रोण हातात धरून त्या तशाच पायरीवर उभ्या होत्या. आबा काठी टेकत आले. "बाई, म्या पोराला खोटा रिपोर्ट दिला हुता वो. सांगतो त्येला, जुनं व्हिडिओ पुसून टाक म्हनून."

"कशाला पुसायचे?" बाई म्हणाल्या. "आवाज किती गोड आहे त्यात! राहू द्यात की."

मे महिन्यात बाईंची सांगली जिल्ह्यात बदली झाली. इतकी वर्षं अडलेली ऑर्डर एकदाची निघाली. जूनमध्ये शाळा भरली आणि आठवडाभरात त्या कार्यमुक्त होणार होत्या. शाळेच्या पहिल्या दिवशी व्हॅनवाल्यानं आबांच्या दारात हॉर्न वाजवला म्हणे. आबांनी दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि हातानंच पुढं जा म्हणून सांगितलं.

निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, साडी, सगळं साग्रसंगीत झालं. आबांचं भाषण झालं. शेवटी ते म्हणाले, "आता सानिका बाईंसाठी वाचून दावंल." बाई पटकन उभ्या राहिल्या. "नको आबा. मला काही दाखवायची गरज नाही तिला." आबा ओशाळून हसले आणि बसले.

मग सगळं गाव एसटीच्या थांब्यावर. बायका बाईंच्या पाया पडतायत, पोरं पिशव्या धरून उभी, मी छत्री धरून. बाईंचे डोळे सारखे पदराला. एसटी आली, कंडक्टरनं घंटी मारली. बाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि वळून बघितलं. सानिका नव्हती.

"आगं सानिका कुटं हाय? बाई चालल्या!" कुणीतरी ओरडलं.

सानिका थांब्यामागच्या कट्ट्यावर बसली होती. बाईंचा हार ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, तो चुरगळलेला कागद तिनं मांडीवर पसरला होता. त्यावर कसली तरी गोष्ट छापलेली होती. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. ओठ मिटलेले होते. आवाज अजिबात नव्हता. आम्ही सगळे तिच्यापासून चार पावलांवर होतो आणि ती आमच्यात नव्हती.

"सानिका!" आबा गरजणारच होते. बाईंनी त्यांना थांबवलं. "तिला हाक मारू नका," म्हणाल्या. "कुणी मारू नका."

त्या आत जाऊन खिडकीशी बसल्या. एसटी हलली, आम्ही सगळ्यांनी हात हलवले. बाईंनी आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. काचेला कपाळ टेकून, तोंडभर हसत, बाई त्या मुलीकडे बघत होत्या, वळण येईपर्यंत. आणि मुलीनं काही मान वर केली नाही.